तुरुंगांतला आचार्य : विनोबा भावे

आमच्या मानोरा तालुक्यांतील कोणत्याहि खेड्यांत एखाद्या घरचा मनुष्य तुरुंगांत गेला म्हणजे त्या घरावर सुतकाची छाया पडते. सोयरे येणेंजाणें कमी करितात, मुलीचें लग्न अडतें, बाजाराच्या दिवशीं ओळखीचे लोक तोंड फिरवितात. तो मनुष्य आंत काय करितो, कोणाशीं बोलतो, कांहीं नवें शिकतो कीं असलेलें शहाणपणहि विसरतो, ह्याची चौकशी कोणी करीत नाहीं. आणि तो सुटून येईल तेव्हां कसा होऊन येईल, हा विचार तर कोणाच्या मनाला शिवतहि नाहीं. आमच्या मतें विचारण्यासारखे प्रश्न तेच आहेत. ज्यानें आपल्या आयुष्यांतील पांच वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत घालविला, आणि त्या प्रश्नांचें उत्तर बोलून नव्हे तर वागून दिलें, अशा एका मनुष्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों. तो मनुष्य म्हणजे आचार्य विनोबा भावे. भूदानाचे विनोबा सर्वांस ठाऊक आहेत. त्यांची पदयात्रा पाहिलेले वृद्धहि अद्याप कोठें कोठें भेटतात. तुरुंगांत शिकविणारे विनोबा मात्र त्यामानानें थोड्यांस माहीत आहेत.

त्यांचें पाळण्यांतलें नांव विनायक नरहरि भावे. जन्म ता. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं, त्या वेळच्या कुलाबा व हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत, पेण तालुक्यांतील गागोदें ह्या लहानशा गांवीं झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास राहत, म्हणून मुलाचें शिक्षणहि तेथेंच झालें. आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती, परंतु मुलाच्या आयुष्यावर तिचाच ठसा अधिक उमटला. तिला गीता समजून घ्यावी असें फार वाटे आणि संस्कृत तर येत नसे. मुलानें मराठी भाषांतर आणून दिलें, तेंहि तिला कठीण वाटलें. तेव्हां तूंच सोपी करून दे, असें तिनें मुलालाच सांगितलें. ती १९१८ सालीं वारली. तिच्या हयातींत हें काम झालें नाहीं. पण न शिकलेल्या माणसाला समजेल असें सांगतां आलें पाहिजे, ही अट त्या माउलीनें मुलाच्या विद्येला कायमची घालून दिली. विनोबांच्या तुरुंगांतील शिकवणीचें मूळ आम्हांस त्या स्वयंपाकघरांत दिसतें.

कॉलेजच्या शिक्षणावरून त्यांचें मन लवकरच उडालें. आपले परीक्षांचे दाखले त्यांनीं चुलींत घातले, आणि मार्च १९१६ मध्यें इंटरच्या परीक्षेकरितां मुंबईस निघालेले असतां सुरतेस उतरून काशीची वाट धरली. ही गोष्ट तरुण मुलांना सांगतांना आम्हांस नेहमीं थोडी धास्ती वाटते. दाखले जाळणारे पुष्कळ निघतील. परंतु त्यानंतर जन्मभर रोज विद्यार्थ्यासारखा अभ्यास करणारा हजारांत एखादाच. विनोबांनीं पदवी सोडली, अभ्यास सोडला नाहीं.

काशीहून ते अहमदाबादेस गेले व ता. ७ जून १९१६ रोजीं कोचरबच्या आश्रमांत गांधीजींस भेटले. पुढें कांहीं काळाची रजा मागून ते वाईस प्राज्ञपाठशाळेंत नारायणशास्त्री मराठे ह्यांच्यापाशीं शास्त्रें शिकण्यास राहिले. ह्या मुक्कामांत त्यांनीं काय केलें त्याचा हिशेब त्यांनीं १९१८ सालीं गांधीजींस पत्रानें कळविला, व तो हिशेब वाचण्यासारखा आहे. स्वतः शिकत असतांच ते कांहीं विद्यार्थ्यांस गीता, कांहींस ज्ञानेश्वरी व उपनिषदें, तर कांहींस इंग्रजी फुकट शिकवीत होते. पुढें मोठे पंडित म्हणून नांवाजलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांस इंग्रजीचे धडे विनोबांपाशींच मिळाले. त्यांनीं मुलांचें एक विद्यार्थी मंडळ स्थापिलें होतें. वाचनालयास पैसा हवा होता. वर्गणी मागत फिरण्याऐवजीं ह्या मुलांनीं जातें मांडलें. लोकांचें धान्य दोन शेरांस एक पैसा घेऊन दळून द्यावयाचें व तो पैसा पुस्तकांत घालावयाचा, असा त्यांचा क्रम होता. वर्षभरांत सुमारें चारशें पुस्तकें जमलीं. वाईसारख्या जुन्या वळणाच्या क्षेत्रांत ब्राह्मणांचीं मुलें परक्याचें दळण दळतात हें पाहून लोक काय म्हणाले असतील त्याची कल्पना वाचकांनींच करावी. शिष्य गुरूच्याहि पुढें गेला, अशा अर्थाचे उद्गार पत्र वाचून गांधीजींनीं काढले. तें जातें लक्षांत ठेवावें. चौदा वर्षांनीं तें पुन्हां आपल्यापुढें येणार आहे.

१९२१ च्या एप्रिलांत विनोबा वर्ध्यास आश्रम चालविण्यास आले आणि तेव्हांपासून ते विदर्भाचे झाले. दोन वर्षांनीं नागपुरास झेंडा सत्याग्रह उठला. सिव्हिल लाइन्समधून राष्ट्रीय निशाण नेण्यास बंदी होती. ती मोडणारांच्या तुकड्या रोज पकडल्या जात होत्या. विनोबांसहि पकडलें. परंतु त्यांच्यावर लावलेलें कलम राजद्रोहाचें नव्हतें. ज्यांस उपजीविकेचें उघड साधन नाहीं अशा भटक्या व संशयित माणसांकरितां फौजदारी कायद्यांत १०९ वें कलम होतें, तेंच त्यांस लावलें. माळावर पालें टाकून राहणाऱ्या लोकांस ह्या कलमाची ओळख सांगावी लागत नसे. ज्यानें घरदार, नोकरी व पदवी मुद्दाम सोडली होती त्यास सरकारनें उनाड भटक्या ठरविलें, आणि त्याप्रमाणें खडी फोडण्याचें काम दिलें. नागपूरच्या तुरुंगांतून त्यांस पुढें अकोल्याच्या तुरुंगांत हलविलें. आमचा मानोरा त्या काळीं अकोला जिल्ह्यांतच मोडत असे. १९०५ सालीं मोडलेला वाशीम जिल्हा पुन्हां निराळा झाला तो १९९८ सालीं. म्हणजे विनोबांनीं तुरुंगाच्या शाळेंतले पहिले धडे घेतले त्यांपैकीं कांहीं आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणीं घेतले. ऑगस्टांत तडजोड झाली व सत्याग्रही सुटले.

आतां आम्ही धुळ्याच्या गोष्टीकडे येतों, व येथें थोडें थांबतों.

१९३२ च्या जानेवारींत देशभर पुन्हां धरपकड सुरू झाली. विनोबा खानदेशांत होते. त्यांस जळगांवीं पकडून सहा महिन्यांची शिक्षा दिली व धुळ्याच्या तुरुंगांत ठेविलें. त्या वर्षीं तेथें राजबंद्यांची मोठी दाटी होती. शेठ जमनालाल बजाज होते, पुढें केंद्र सरकारांत मंत्री झालेले गुलझारीलाल नंदा होते, अमळनेरचे साने गुरुजी होते. आणि ज्यांचीं नांवें कोणत्याहि इतिहासांत आलीं नाहींत असे खेड्यापाड्यांतले कितीतरी तरुण व म्हातारे होते. इतकीं माणसें एकत्र कोंडलीं म्हणजे काय होतें हें तुरुंग पाहिलेल्यास सांगावयास नको. रस्त्यावर लाठी खातांना जो शूर असतो तोच आंत भाकरीच्या जाडीवरून भांडतो. सरकारनें बंद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले होते. त्यामुळें एकाच चळवळींतल्या दोघां भावांच्या ताटांतहि फरक पडे व मत्सर वाढे. काम करावें कीं न करावें ह्यावर वाद होत. दिवस मोठा असतो, आणि रिकामें मन स्वतःलाच खातें.

विनोबांनीं आधीं व्याख्यान सुरू केलें नाहीं. त्यांनीं आधीं काम हातीं घेतलें. काम केल्यावांचून अन्न खाणें त्यांस रुचत नसे, आणि तुरुंगांत तर दळणाचें काम ठरलेलेंच होतें. म्हणून ते जात्याला बसले. त्यांस पाहून इतरहि बसले. वाईच्या मुलांनीं पुस्तकांकरितां ओढलेलें जातें येथें वेगळ्या कारणानें फिरूं लागलें, पण शिक्षक तोच होता व धडाहि बहुतेक तोच होता. आम्हांस असें वाटतें कीं, पुढें त्या तुरुंगांत जें घडलें तें जात्यापासून सुरू झालें नसतें तर घडलेंच नसतें. बाहेरून स्वच्छ कपड्यांत येऊन बंद्यांस चार चांगल्या गोष्टी सांगणारे पुष्कळ असतात. आम्ही पाळक मंडळी त्यांत प्रमुख आहों. ऐकणारा मान डोलावतो आणि मनांत म्हणतो कीं, ह्याला संध्याकाळीं घरीं जावयाचें आहे.

मग बंद्यांनींच आग्रह धरिला कीं, गीतेवर कांहीं सांगावें. रविवार हा दिवस ठरला. ता. २१ फेब्रुवारी १९३२ रोजीं पहिलें प्रवचन झालें आणि ता. १९ जून रोजीं अठरावें. मध्यें एकहि रविवार चुकला नाहीं. अठरा आठवड्यांत अठरा अध्याय झाले. स्त्री राजबंद्यांची कोठडी निराळी असे. त्यांनींहि ऐकण्याची इच्छा दाखविली, तेव्हां अधिकाऱ्यांनीं त्यांसहि येऊं दिलें. ही सवलत त्या काळच्या तुरुंगांत लहान नव्हती.

गीतेंतील मताची चर्चा आम्ही येथें करीत नाहीं. आम्ही पाहतों ती शिकविण्याची रीत. विनोबांस संस्कृत भाष्यें तोंडपाठ होतीं व ऐकणारांत ती भाषा जाणणारेहि कांहीं थोडे होते. तरी बोलणें झालें तें शेवटच्या ओळींत बसलेल्या न शिकलेल्या मनुष्याकरितां. दृष्टांत शेतांतले, घरांतले, आईलेंकरांचे आणि संतांच्या चरित्रांतले. शब्दांचा खल नाहीं, पांडित्याचें प्रदर्शन नाहीं. जें काम समोर आलें आहे तें फळाकडे डोळा न लावितां नीट करावें, हा विषय अशा लोकांपुढें होता कीं, ज्यांच्या कामाचें फळ त्या वेळीं तुरुंगाखेरीज कांहींच दिसत नव्हतें. म्हणून तो पुस्तकी राहिला नाहीं.

ह्या शिकवणीस एक साधनहि तयार होतें. आईचा शब्द विनोबांनीं १९३० च्या ऑक्टोबरांत हातीं घेऊन १९३१ च्या फेब्रुवारींत पुरा केला होता. गीतेचें हें मराठी पद्यरूप म्हणजे गीताई. तें लिहून झाल्यावर त्यांनीं वर्ध्यास मुलींच्या वर्गाला शिकवून पाहिलें, आणि जेथें मुली अडखळल्या तेथें मुलींस दोष न देतां शब्द बदलला. शिक्षकांनीं ही गोष्ट दोनदां वाचावी. तिची पहिली आवृत्ति १९३२ सालींच, विनोबा धुळ्याच्या तुरुंगांत असतां, निघाली व ती बंद्यांच्या हातीं आली. भिंतीच्या आंत जो वर्ग भरत होता त्यास अशा रीतीनें आपलें क्रमिक पुस्तकहि मिळालें.

हें सर्व बोलणें वाऱ्यावर गेलें असतें. तें राहिलें तें साने गुरुजींमुळें. पांडुरंग सदाशिव साने हे तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झालेले, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत सहा वर्षें शिक्षक होते व १९३० सालीं नोकरी सोडून चळवळींत पडले होते. दर रविवारीं ते खालीं बसून विनोबांचें बोलणें भराभर उतरून घेत. पुढें जें गीता प्रवचनें हें पुस्तक झालें व भारतांतील बहुतेक सर्व मोठ्या भाषांत गेलें तें त्यांच्या हातचें आहे. विनोबांनीं गीतेवर स्वतः बसून ग्रंथ लिहिला असता तर तो कदाचित् अधिक रेखीव झाला असता, पण इतक्या घरांत गेला नसता. एक शिक्षक बोलत आहे आणि दुसरा शिक्षक विद्यार्थी होऊन लिहून घेत आहे, दोघेहि बंदी. ह्याहून चांगलें कॉलेज त्या वर्षीं खानदेशांत होतें असें आम्हांस वाटत नाहीं. साने गुरुजींनीं पुढच्याच वर्षीं, १९३३ च्या फेब्रुवारींत, नाशिकच्या तुरुंगांत श्यामची आई लिहिली. हरि केशवजी ह्यांनीं १८४१ सालीं मराठींत आणिलेलें यात्रिकक्रमण आमच्या जुन्या कुटुंबांत असे. त्याचा मूळ कर्ता जॉन बनियन ह्यानें १६६० ते १६७२ हीं बारा वर्षें बेडफर्डच्या तुरुंगांत काढिलीं, हें त्या वाचकांस ठाऊक होतेंच.

ह्यानंतरचा विनोबांचा मोठा तुरुंगवास १९४० पासूनचा. त्या वर्षीं ता. १७ ऑक्टोबर रोजीं पवनारास त्यांनीं वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. गांधीजींनीं पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली होती. चार दिवसांनीं अटक झाली. सुटले कीं पुन्हां बोलावें व पुन्हां आंत जावें, असें वर्षभरांत तीन वेळां झालें. नागपूरच्या तुरुंगांत त्यांनीं स्वराज्यशास्त्र हें लहान पुस्तक सिद्ध केलें. १९४२ च्या ऑगस्टांत पुन्हां पकडलें तें १९४५ च्या जुलैपर्यंत. नागपूर, मद्रास इलाख्यांतील वेल्लोर व मध्यप्रांतांतील शिवनी असे तीन तुरुंग झाले. शिवनीस १९४४ सालीं त्यांनीं स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर सोबत्यांस व्याख्यानें दिलीं व त्यांचेंहि पुस्तक झालें.

परंतु आम्हांस त्याहून अधिक गोडी वाटते ती वेल्लोरची. सरकारनें त्यांस परक्या मुलुखांत, परक्या भाषेच्या लोकांत नेऊन टाकिलें. विनोबांनीं शिक्षकाची गादी सोडून विद्यार्थ्याची पाटी घेतली. तमिळ, तेलुगु, कानडी व मल्याळी ह्या चारहि भाषा ते तेथील सोबत्यांपासून एकदम शिकूं लागले. पन्नाशीच्या घरांतला, डोळे अधू झालेला मनुष्य रोज चार लिप्या गिरवीत बसला आहे, हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. एक झाली म्हणजे दुसरी घेऊं, असें त्यांनीं केलें नाहीं. चारी बहिणी आहेत, एकीच्या मदतीनें दुसरी समजते, असा त्यांचा अनुभव होता. पुढें दक्षिणेंत पायीं फिरतांना हें शिक्षण त्यांस उपयोगीं पडलें.

येथें एक शंका आमच्या मनांत येते, ती झांकून ठेवणें बरें नव्हे. धुळें, वेल्लोर, शिवनी, ह्या सर्व ठिकाणीं विनोबांचे ऐकणारे बहुतेक राजबंदी होते. ते तुरुंगांत गेले तेव्हां लोकांनीं त्यांच्या गळ्यांत हार घातले व सुटले तेव्हां मिरवणुकी काढल्या. त्यांस शिकविणें सोपें होतें असें आम्ही म्हणत नाहीं, पण त्यांच्या कपाळीं डाग नव्हता. पलीकडच्या बराकींत ज्यानें रागाच्या भरांत भावाच्या डोक्यांत कुऱ्हाड घातली, ज्यानें बैल चोरले, ज्यानें दारूच्या पायीं घर बुडविलें, असा साधा कैदी होता. त्याचें काय? त्याला शिकवावें असें वाटणारे लोक त्या काळीं फार थोडे होते. औंध संस्थानानें १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून खुनी कैद्यांस भिंतीवांचून शेतीवर ठेविलें, हा एक मोठाच अपवाद. विनोबांच्या चरित्राचा आमच्या दृष्टीनें कस लागतो तो येथें.

तो प्रसंग यावयास बरींच वर्षें जावीं लागलीं. स्वराज्यानंतर १९५१ च्या एप्रिलांत ते हैदराबादेजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनास वर्ध्याहून पायीं गेले. तेलंगणांत तेव्हां जमिनीवरून रक्तपात चालला होता. ता. १५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, ते हैदराबादच्या तुरुंगांत जाऊन तेथील कम्युनिस्ट बंद्यांस भेटले. बंद्यांचें म्हणणें ऐकून मग ते त्यांच्या मुलुखांत शिरले. आणि तीनच दिवसांनीं, ता. १८ रोजीं, पोचमपल्लीस भूमिहीन हरिजनांनीं जमीन मागितली व रामचंद्र रेड्डी ह्यांनीं शंभर एकर देऊं केली. भूदानाचा उगम पोचमपल्लीस झाला असें सर्व म्हणतात व तें खरें आहे. परंतु त्याच्या आदल्या मुक्कामांत एक तुरुंग होता, हें फारसें कोणी सांगत नाहीं. त्यानंतर तेरा वर्षें ते देशभर चालले. लाखों एकर जमीन दानांत मिळाली. बरीच कागदावरच राहिली व बरीच नापीकहि निघाली. तो इतिहास निराळा आहे.

१९६० सालीं त्यांच्याकडे एका तुरुंगांतून पत्र आलें. चंबळच्या खोऱ्यांतील प्रसिद्ध दरोडेखोर मानसिंग ह्याचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगांत फांशीची वाट पाहत होता. मरण्यापूर्वीं एकदां विनोबांचें दर्शन व्हावें, अशी त्याची इच्छा होती. विनोबा दूर होते. त्यांनीं आपले सहकारी मेजर जनरल यदुनाथसिंग ह्यांस त्याच्याकडे पाठविलें. त्यानें सांगितलें कीं, खोऱ्यांत अद्याप जे फिरत आहेत त्यांस येऊन भेटावें. (त्याची फांशी पुढें माफ होऊन जन्मठेप झाली.) त्याप्रमाणें विनोबा मे महिन्यांत भिंड-मुरैन्याच्या दऱ्याखोऱ्यांत पायीं शिरले. बरोबर शस्त्र नव्हतें. सुमारें वीस दरोडेखोर आपल्या बंदुका घेऊन आले व त्या त्यांच्या पायांशीं ठेवून पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांत लोकमन ऊर्फ लुक्का ह्यासारखे नांवाजलेले होते.

त्यांस विनोबांनीं काय वचन दिलें होतें? सुटकेचें नव्हे. खटले चालतील, शिक्षा होईल व ती भोगावी लागेल, हें त्यांनीं आधींच स्पष्ट केलें होतें. वाईट वागणूक होणार नाहीं एवढी काळजी घेऊं, इतकेंच आश्वासन होतें. पोलिस खात्यांतील पुष्कळांस हा प्रकार मुळींच आवडला नाहीं. जीव धोक्यांत घालून आम्ही ह्यांस पकडावें आणि साधूनें येऊन त्यांस नांवाजावें, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि ज्यांचीं माणसें ह्या टोळ्यांनीं मारिलीं त्यांस तर तें आवडण्याचें कारणच नव्हतें. त्यांची बाजू खोटी नव्हती. तथापि बारा वर्षांनीं, १९७२ सालीं, जयप्रकाश नारायण ह्यांच्यापुढें त्याच मुलुखांत शेंकडों दरोडेखोरांनीं शस्त्रें ठेविलीं, तेव्हां ह्या पहिल्या वीसांची वाट किती लांब गेली होती तें दिसलें. धुळ्यास जें हार घातलेल्या लोकांस सांगितलें तेंच येथें डाग लागलेल्या लोकांस सांगितलें. मनुष्य आपल्या कृत्याहून मोठा आहे असें धरूनच दोन्हीकडे आरंभ झाला.

म्हणूनच १९७५ सालची गोष्ट टोंचते. आणीबाणींत जयप्रकाशांसारखे त्यांचे जुने सहकारी व हजारों लोक विनाचौकशी तुरुंगांत गेले. विनोबांनीं १९७४ च्या नाताळापासून वर्षभराचें मौन घेतलें होतें. हा काळ शिस्तीचा आहे, अशा अर्थाचे त्यांचे शब्द म्हणून सरकारनें देशभर पसरविले. शब्दाचा अर्थ निराळा होता, शिस्त शासनाची नव्हे तर आचार्यांची अभिप्रेत होती, असें त्यांच्या लोकांनीं मागाहून समजाविलें. तें खरेंहि असेल. पण ज्यानें तुरुंगाच्या दारांत इतकी वर्षें काढिलीं त्याच्याकडून आंत असलेल्यांस एक उघड शब्द हवा होता, आणि तो वेळेवर गेला नाहीं. आम्ही थोरांचीं चरित्रें लिहितों तीं अशा जागा पुसून टाकण्याकरितां लिहीत नाहीं.

अखेरचीं वर्षें पवनारास, धाम नदीच्या कांठीं, ब्रह्मविद्या मंदिरांतील भगिनींच्या संगतींत गेलीं. कुराणाप्रमाणेंच ख्रिस्ती शास्त्रांतील वचनांचेंहि सार त्यांनीं निवडून पुस्तकरूपानें दिलें आहे. आमच्या वाचकांनीं तें अवश्य पाहावें, मग मतभेद असोत. १९८२ च्या नोव्हेंबरांत आजार बळावल्यावर त्यांनीं अन्न व औषध दोन्ही सोडलें, आणि ता. १५ रोजीं देह ठेविला. दुसऱ्या वर्षीं सरकारनें मरणोत्तर भारतरत्न दिलें.

त्यांच्या मागें देशांत मुक्त विद्यापीठें निघालीं: १९८५ सालीं दिल्लीस इंदिरा गांधींच्या नांवाचें व १९८९ सालीं नाशिकास यशवंतराव चव्हाणांच्या नांवाचें. ज्या नागपूरच्या तुरुंगांत विनोबांनीं खडी फोडली तेथें पुढें ह्या विद्यापीठांचीं अभ्यासकेंद्रें उघडलीं. शहरांतील कॉलेजांचे प्राध्यापक ठरल्या दिवशीं फाटकावर झडती देऊन आंत जातात, जन्मठेपीच्या कैद्यांस इतिहास, मराठी, अर्थशास्त्र शिकवितात, आणि परीक्षाहि आंतच होते. इंदिरा गांधी विद्यापीठानें बंद्यांकडून फी न घेण्याचें धोरण धरिलें. ज्यास अक्षरओळखहि नाहीं त्यास शेजारच्या कोठडींतला शिकलेला कैदी धुळाक्षरें गिरवून देतो. हा वर्ग बहुधा सर्वांत मोठा असतो. ह्या प्राध्यापकांच्या व कैद्यांच्या गळ्यांत कोणी हार घालीत नाहीं.

आपल्या भागांतील मनुष्यास लांब मुदतीची शिक्षा झाली म्हणजे तो बहुधा अमरावतीच्या किंवा नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगांत जातो. ज्या घरचें कोणी तेथें असेल त्यांनीं पुढच्या भेटीस जातांना आंत शिकण्याची काय सोय आहे तें तुरुंगाच्या अधिकाऱ्यांस विचारावें, आणि आंतल्या आपल्या माणसास शाळा कितवीपर्यंत झाली होती त्याचा दाखला घरांत असल्यास तो शोधून बरोबर न्यावा.